संघाचा सातबारा कसा वाचावा: एनबीए नव्याने बघणाऱ्यांसाठी

५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मी सॅक्रामेंटो किंग्जचा चाहता झालो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे हंगामपूर्व दोन सामने पहिल्यांदाच भारतात झाले होते, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्ज दोन्ही हरले. पण मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि मला तेवढं कारण पुरलं. अमेरिकेतल्या मित्राकडून मार्विन बॅगलीची ३५ नंबरची जर्सी मागवली. अडीच वर्षांत बॅगली डेट्रॉइटला गेला. ती जर्सी मी आता दिवाळीच्या साफसफाईला घालतो.

त्यानंतर बराच काळ माझं एकच चालू होतं. सकाळी साडेआठला लोकलमध्ये उभ्याने सामना बघायचा, संघ हरला की प्रशिक्षकाला शिव्या घालायच्या. संघ का हरतो हे सामना बघून फारसं कळत नाही, हे समजायला मला दोन हंगाम लागले. आजच्या हरण्याचं मूळ बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या सहीत असतं, आणि सही करणारा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

ही सही करणाऱ्यांना फ्रंट ऑफिस म्हणतात. त्यात जनरल मॅनेजर, त्याचे सहायक, स्काउट (खेळाडू हेरणारे), पगाराचा हिशोब सांभाळणारे आणि डोक्यावर मालक, एवढे लोक आले. त्यांचं काम कसं तपासायचं ते मी चुकतमाकत शिकलो. तुमचे दोन हंगाम वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी जमवायचं सामान

- दोनशे पानी वही. एका संघाला चार पानं. मोबाईलमध्ये नको, बाण काढता येत नाहीत.
- पेन्सिल आणि खोडरबर. का, ते शेवटी.
- संघाच्या व्यवहारांची यादी. बास्केटबॉल रेफरन्सवर प्रत्येक हंगामाची तारखेनिशी मिळते.
- खेळाडूंचे करार आणि पगार. स्पोट्रॅकवर बघा.
- पुढच्या वर्षांच्या ड्राफ्ट पिकांचा तक्ता (पिक म्हणजे काय, ते दुसऱ्या पायरीत). रिअलजीएमवर असतो.
- एक रविवार.

१. खुर्चीत कोण, कधीपासून

पहिल्या पानावर मालक, जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक, तिघांची नावं तारखांसकट लिहा. ही पायरी लोक गाळतात, कारण तिच्यात खेळ दिसत नाही.

किंग्जचं पान मी लिहिलं तेव्हा हात दुखला. रणदिवे यांनी २०१३ मध्ये संघ घेतला. माइक मलोन प्रशिक्षक झाले. डिसेंबर २०१४ मध्ये, संघाचा मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स आजारी असताना, ११ विजय आणि १३ पराभवांवर मलोनना काढलं. मग टायरोन कॉर्बिन. फेब्रुवारीत जॉर्ज कार्ल. म्हणजे एकाच हंगामात तीन प्रशिक्षक. पुढे डेव्ह योर्गर. त्यांनी २०१८-१९ मध्ये ३९ सामने जिंकून दिले, कित्येक वर्षांतली सर्वांत चांगली कामगिरी, आणि त्यांनाही नारळ. मी डोममध्ये पाहिले ते ल्यूक वॉल्टन पाचवे. सहा वर्षांत पाच! मलोन डेन्व्हरला गेले आणि २०२३ ला विजेतेपद घेऊन बसले.

दर नवा प्रशिक्षक वेगळ्या पद्धतीचे खेळाडू मागतो, आधीच्याने मागितलेले बाकावर बसतात, आणि त्यांचा पगार मात्र चालूच राहतो. नावांची यादी लांब असेल तर पुढची पानं जरा सावधपणे वाचा.

२. सातबारा काढा

जमीन घेताना आपण काय करतो? उतारा काढतो आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुणाचा बोजा आहे का बघतो. पीक कितीही हिरवंगार दिसो, बोजा असेल तर जमीन पूर्ण तुमची नाही. एनबीए संघाचं तेच.

दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो. नवे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात आणि हरणाऱ्यांना आधी संधी मिळते. ही संधी म्हणजे पिक. तिची विक्री, अदलाबदल चालते, तीही सात वर्षं पुढपर्यंतची. पहिल्या फेरीचं पिक म्हणजे चार वर्षं स्वस्तात राबणारा तरुण खेळाडू, म्हणून त्याला किंमत.

यावर एक लगाम आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीची पिकं इतक्या सढळ हाताने वाटली की लीगला नियम करावा लागला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीचं एकही पिक नाही, अशी वेळ येता कामा नये. आजही त्याला स्टेपियन नियमच म्हणतात. स्वतःच्या नावाचा कायदा व्हावा, पण असा नको.

वहीत सात ओळी आखा, एका वर्षाला एक. प्रत्येक ओळीत तीनपैकी एक शेरा: आपलं, गेलं, किंवा स्वॅप. स्वॅप म्हणजे समोरच्या संघाला अदलाबदलीचा हक्क. तुमचं पिक त्याच्यापेक्षा वरचं आलं तर तो ते घेणार आणि त्याचं खालचं तुम्हाला देणार. स्टेपियन नियमाला बगल द्यायला स्वॅप फार सोयीचा, कारण कागदावर तुमच्याकडे पिक असतंच. नवखे लोक स्वॅपकडे दुर्लक्ष करतात. मीही केलं होतं.

आता एक व्यवहार सुटा करून बघू. जुलै २०१५. किंग्जचा कारभार बघणारे (पुढे जनरल मॅनेजर) व्लादे दिवाच यांना मोकळ्या बाजारातून खेळाडू घ्यायचे होते, पण लीगने घातलेल्या पगाराच्या मर्यादेत जागा नव्हती. त्यांनी तीन खेळाडू फिलाडेल्फियाला दिले: कार्ल लँड्री, जेसन थॉम्पसन आणि आदल्याच वर्षी आठव्या क्रमांकावर घेतलेला निक स्टॉस्कस. पण पहिल्या दोघांचे पगार कुणाला नको होते, म्हणून ‘घ्या बाबा’ म्हणत वर पहिल्या फेरीचं एक पिक दिलं आणि २०१६, २०१७ चे स्वॅप दिले. बदल्यात आले दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क; ते दोघे एनबीएत कधी उतरलेच नाहीत. खरी कमाई म्हणजे मोकळी जागा. त्या जागेत आले राजॉन राँडो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कुफोस.

राँडोने एक हंगाम खेळून शिकागो गाठलं. त्या हंगामात किंग्ज ३३ जिंकले, ४९ हरले.

याहून चिडचिड होते ती तारीख बघून. टीव्हीचा नवा अवाढव्य करार ऑक्टोबर २०१४ मध्येच जाहीर झाला होता. त्यामुळे पगाराची मर्यादा उडी मारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती मारलीच: २०१५-१६ ला ७ कोटी डॉलर, पुढच्या वर्षी ९ कोटी ४१ लाख. जी जागा वर्षभर थांबलं असतं तर आपोआप मिळाली असती, तिच्यासाठी भविष्य गहाण टाकलं.

बोजा कधी दिसला? मे २०१७ च्या लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत. किंग्जचा क्रमांक तिसरा लागला, फिलाडेल्फियाचा पाचवा. स्वॅप होता, त्यामुळे फिलाडेल्फियाने तिसरा उचलला आणि पाचवा हातावर ठेवला. मग तो तिसरा त्यांनी बॉस्टनला दिला, पहिल्या क्रमांकासाठी, आणि वर आणखी एक पिक देऊ केलं. तिसऱ्या क्रमांकावर बॉस्टनने निवडला जेसन टेटम. ते वरचं पिक शेवटी ठरलं किंग्जचंच, २०१९ चं. तेही बॉस्टनला.

म्हणून जून २०१९ मध्ये किंग्जकडे पहिल्या फेरीचं पिकच नव्हतं. मी डोममध्ये पाहिलेल्या संघात त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नवा मुलगा नव्हता. मी टाळ्या वाजवत होतो, माझ्या लक्षातही आलं नाही.

असाच, पण उलट्या कारणाने झालेला व्यवहार ब्रुकलिन नेट्सचा. किंग्जनी जागेसाठी पिकं दिली, नेट्सनी घाईसाठी. २०१३ च्या उन्हाळ्यात केव्हिन गार्नेट (३७) आणि पॉल पियर्स (३५) यांच्यासाठी त्यांनी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ ची पिकं आणि २०१७ चा स्वॅप दिला. एकच प्लेऑफ मालिका जिंकली, मियामीकडून हरले, वर्षभरात पियर्स गेला. २०१६-१७ मध्ये नेट्स २० जिंकून लीगमध्ये शेवटचे, आणि पहिला क्रमांक बॉस्टनच्या खिशात. जेलन ब्राउनही याच व्यवहारातला. ब्राउन आणि टेटम यांनी २०२४ ला बॉस्टनला विजेतेपद दिलं. संघ शेवटचा आला तर निदान चांगलं पिक मिळतं, ही हरणाऱ्यांची एकमेव समजूत. नेट्सकडे तीही उरली नव्हती.

३. पगारपत्रक

हे कंटाळवाणं आहे, पटकन उरकू. २०२५-२६ साठी चार रेषा लक्षात ठेवा. पगाराची मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर, दंडकराची रेषा १८ कोटी ७९ लाख, पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाख, दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख. मर्यादा ओलांडता येते, त्यासाठी सवलती आहेत. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलात की मात्र हातपाय बांधले जातात: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, व्यवहारात रोख देता येत नाही, सात वर्षं पुढचं पिक गोठतं, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही.

वहीत प्रत्येक खेळाडूपुढे दोन गोष्टी लिहा: पगार, आणि करार संपेल तेव्हाचं वय. तिसरा रकाना ‘कलमं’, कारण खड्डा तिथेच असतो. फीनिक्सने जून २०२३ मध्ये ब्रॅडली बील घेतला. त्याच्या करारात त्याच्या परवानगीशिवाय ट्रेड करता येणार नाही असं कलम होतं. दोन वर्षांनी तो नकोसा झाला, पण विकता येईना. शेवटी जुलै २०२५ मध्ये करार तोडून उरलेली रक्कम पाच वर्षांत विभागली. २०२९-३० पर्यंत दरवर्षी सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर त्यांच्या हिशोबात बसणार, दुसऱ्या संघात खेळणाऱ्या माणसापोटी. त्याआधी केव्हिन ड्युरंटसाठी पहिल्या फेरीची चार पिकं गेलेली. फीनिक्सचं पान सरावासाठी घ्या, दुसरी आणि तिसरी पायरी एकदम शिकता येते.

४. चूक आणि दुर्दैव वेगळं करा

इथे सगळे घसरतात. निकाल बघून निर्णयाला मार्क द्यायचे नाहीत. प्रश्न एकच: त्या दिवशी त्यांना काय माहीत होतं?

ड्राफ्ट २०१८. दुसरा क्रमांक किंग्जचा. त्यांनी बॅगली घेतला, लुका डॉन्चिच सोडला. मुलं चुकीची निघतात, त्यात गुन्हा नाही. पण डॉन्चिच १९ व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून, त्याच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरून आला होता. प्रौढांच्या लीगमध्ये सिद्ध झालेला मुलगा समोर होता, आणि निवड करणारे दिवाच स्वतः त्याच युरोपीय बास्केटबॉलमधून आलेले. हे दुर्दैवाच्या खात्यात मी टाकत नाही.

उलट, २०१७ च्या त्या पाचव्या क्रमांकावर किंग्जना डिॲरन फॉक्स मिळाला आणि तो उत्तम निघाला. तिसरा हातात असता तरी त्यांनी कदाचित फॉक्सच घेतला असता. म्हणून २०१५ चा व्यवहार चांगला ठरतो का? अजिबात नाही. छत्री न घेता निघालात आणि पाऊस पडला नाही, इतकंच.

आणि काही वेळा उत्तर मिळतच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला दिला आणि डोमँटस सबोनिस घेतला. पुढच्या हंगामात ४८ विजय, १६ हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. एवढा लांब दुष्काळ एनबीएत कुणाचाच नव्हता. त्या वसंतात मी रोज सकाळी उपाशी बसून सामने पाहिले. पण २०२५ ला हॅलिबर्टनने इंडियानाला अंतिम फेरीत नेलं. त्याच पेसर्सना, वरळीवाल्या. माझा एक मित्र या व्यवहाराला अजून आत्मघात म्हणतो. मी नाही म्हणत. आमचं या विषयावर जेवण गार होतं.

५. किती दारं ठोठावली?

मोठा खेळाडू विकताना फ्रंट ऑफिसने बाजारात फिरून भाव घेतला का, हे शोधा. घर विकणारा माणूस एकाच गिऱ्हाइकाशी बोलून सही करत नाही.

कझिन्सला फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला दिल्यावर दिवाच यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की दोन दिवसांपूर्वी यापेक्षा चांगला देकार हातात होता. हे वाक्य मी दोनदा ऐकलं, खात्री करायला.

आणि डॅलस. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी पावणेअकराच्या सुमारास पोहे खाताना फोन वाजला: डॉन्चिच लेकर्सला. बातमी देणाऱ्याचं खातं कुणीतरी हॅक केलंय असंच वाटलं, मलाच नव्हे, निम्म्या अमेरिकेला. २५ वर्षांचा, सात-आठ महिन्यांपूर्वीच संघाला अंतिम फेरीत नेणारा खेळाडू, आणि बदल्यात ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चं एक पिक. जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी लिलाव केलाच नाही. गुपचूप एकाच संघाशी बोलणी केली. फीनिक्सने ड्युरंटसाठी चार पिकं मोजली होती, तेव्हा तो ३४ चा होता. ही दोन ओळींची तुलना वहीत शेजारी शेजारी लिहा, वेगळं भाष्य लागत नाही. प्रेक्षक महिनोन्‌महिने ‘फायर निको’ ओरडत राहिले, नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन गेले.

डॅलसची जुनी चूक मात्र लोक विसरतात, कारण तिचा आवाज झाला नाही. जेलन ब्रन्सनला चार वर्षांसाठी साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास बांधून घेता आलं असतं. त्यांनी टाळलं. २०२२ मध्ये तो १० कोटींहून जास्त घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि डॅलसला बदल्यात काहीच मिळालं नाही. न केलेल्या सह्यांसाठीही वहीत जागा ठेवा.

६. चाहत्यांच्या नेहमीच्या चुका

‘पिकं म्हणजे नुसती लॉटरी, त्यापेक्षा आजचा खेळाडू बरा’ असं कुणी म्हणालं तर क्लिपर्सचं पान दाखवा. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जसाठी त्यांनी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, पाच पिकं आणि दोन स्वॅप दिले. त्यातल्याच एका पिकातून जेलन विल्यम्स आला. २०२५ ला ओक्लाहोमा विजेते, शे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. जॉर्ज २०२४ मध्येच फुकट निघून गेला होता.

‘संरक्षित’ पिक (ठरावीक क्रमांकांत आलं तर देणाऱ्याकडेच राहणारं) म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. संरक्षण पहिल्या दोन क्रमांकांपुरतं आहे की पहिल्या दहा, हे आकड्यात लिहा.

आणि सगळं खापर जनरल मॅनेजरवर फोडू नका. मालक बदलल्यावर सहा महिन्यांत मोठा व्यवहार झाला असेल तर तारखेभोवती गोल करा. ड्युरंट फीनिक्सला आला तो नव्या मालकाच्या पहिल्याच आठवड्यात.

७. पहिला गृहपाठ

सुरुवात डॅलसपासून करा. डॉन्चिच गेला, संघ प्लेऑफला मुकला, आणि लॉटरीत १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक लागून कूपर फ्लॅग मिळाला. नशीब फळफळलं म्हणून सगळे खूश. आता उतारा बघा, २०२५ च्या उन्हाळ्यातला:

- २०२७: शार्लटला द्यायचं, पहिल्या दोनात आलं तरच आपलं.
- २०२८: ओक्लाहोमा सिटीला स्वॅप.
- २०२९: गेलं, ह्यूस्टनला किंवा ब्रुकलिनला. लेकर्सचं त्या वर्षीचं मात्र आलंय.
- २०३०: सॅन अँटोनिओला स्वॅप.

फ्लॅग तेव्हा १८ वर्षांचा. तो २३ चा होईपर्यंत हरून वर यायची वाट जवळजवळ बंद. प्रत्येक ओळीपुढे लिहा: हा बोजा कोणत्या खेळाडूसाठी चढला, आणि तो खेळाडू आज संघात आहे का. हे लिहायला एक तास लागतो.

पेन्सिलनेच लिहा. फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपायच्या आदल्या रात्री यातल्या दोन ओळी तरी खोडाव्या लागतात.